पोरांकडून अनुभव मागू नका, त्यांना प्रश्न विचारू द्या

धडा संपला की खाली स्वाध्याय असतो. एका वाक्यात उत्तरे लिहा. रिकाम्या जागा भरा. जोड्या लावा. कोण कोणास म्हणाले. आपल्यापैकी बहुतेक जण याच शिडीनं पदवीपर्यंत आलो आहोत. धडा गोष्टीचा किंवा कवितेचा असला तर एखाद्या बाई निदान विचारतात, तुला यातलं काय आवडलं? पण धडा माहितीचा असला, म्हणजे इतिहास, नागरिकशास्त्र, परिसर अभ्यास, विज्ञान, कुणाचं चरित्र किंवा वर्तमानपत्रातली बातमी, तर त्यावर मुलाचं स्वतःचं काही म्हणणं असू शकतं हे शाळेच्या गावीच नसतं. माहिती घ्यायची, पाठ करायची आणि परीक्षेत परत द्यायची. छापलंय म्हणजे खरं आहे, आणि खरं आहे म्हणजे त्यावर बोलायचं काही उरलेलं नाही.

माझ्या मते आपल्या मुलांच्या शिक्षणातली एक मोठी लढाई नेमकी इथे आहे. माहितीपर मजकूर वाचून त्याला उलट प्रश्न करणं, त्यात काय सुटलंय ते दाखवणं, आपलं म्हणणं त्याच्या शेजारी लिहिणं हे काही हुशार मुलांसाठी राखून ठेवलेलं चैनीचं काम नाही. ते पाचवीतल्या, सहावीतल्या प्रत्येक पोराला शिकवता येतं. मात्र हे शिकवायला निघालेली चांगल्या मनाची माणसंही एका ठिकाणी अडखळतात. ती मुलांकडे त्यांचा अनुभव मागतात, प्रश्न मागत नाहीत. या फरकाविषयी मला लिहायचं आहे.

पहिल्यांदा शिकणाऱ्या घरातलं पोर आठ-नऊ वर्षांचं झालं की सगळ्या घराचं वाचन त्याच्याकडे येतं. वीजबिल आलं, वाच. बँकेचा मेसेज आला, वाच. रेशन दुकानावर नवी पाटी लागली, बघून ये. शिष्यवृत्तीच्या अर्जाला कोणकोणते कागद मागितलेत, सांग. आणि हे वाचन मुकाट नसतं. आई विचारते, "मागच्या महिन्यात एवढं नव्हतं, आता का आलं?" पोर मागचं बिल शोधून काढतं, दोन्हीवरचे युनिट ताडून बघतं. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यानं प्राधान्य कुटुंबाला माणशी दरमहा पाच किलो धान्य ठरवून दिलंय. पाटीवर पाच लिहिलेलं असतं आणि पिशवी हातात हलकी लागते, तेव्हा पाटी आणि पिशवी यांच्यातला फरक याच पोराच्या लक्षात येतो. कागदावर काय आहे आणि प्रत्यक्षात काय आहे हे ताडून बघणं म्हणजेच चिकित्सक वाचन. तेच पोर दुसऱ्या दिवशी शाळेत जातं आणि धड्यासमोर हाताची घडी घालून बसतं. शाळेत कागदाला उलट विचारलेलं चालत नाही, हे त्याला पहिलीतच कळलेलं असतं.

शिक्षणतज्ज्ञ कृष्ण कुमार यांनी या प्रकाराला 'पाठ्यपुस्तक संस्कृती' म्हटलं आणि तिची मुळं इंग्रजी राजवटीत दाखवली. पुस्तकात काय असावं ते सरकार ठरवणार, शिक्षक ते पोचवणार, परीक्षा ते मोजणार. हे बरोबरच आहे. पण आपल्या समाजात त्याच्याही खाली एक जुना थर आहे. ग्रंथ कुणी वाचायचा, कुणी नुसता ऐकायचा, कुणी ऐकायचासुद्धा नाही आणि अर्थ लावायचा अधिकार कुणाचा, याची वाटणी इंग्रज येण्याच्या कितीतरी आधी झालेली होती. शाळेची दारं उघडली तसं वाचणं आपल्या हाती आलं. अर्थ लावण्याचं काम मात्र अजूनही दुसऱ्यांचंच समजलं जातं. पहिल्या पिढीचा पदवीधर पुस्तक वाचून होताच 'यावर कुणी काय म्हटलंय' ते शोधायला धावतो. 'मला काय म्हणायचंय' हा प्रश्न त्याला स्वतःलाच आगाऊ वाटतो.

खरं तर आपल्या परंपरेची सुरुवातच आगाऊ प्रश्नांनी झालेली आहे. १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये मुक्ता नावाच्या मांग समाजातल्या शाळकरी मुलीचा महार-मांगांच्या दुःखाविषयीचा निबंध छापून आला. ती सावित्रीमाई आणि जोतीराव यांच्या शाळेत शिकत होती. हा निबंध आपण दुःखाची हकिगत म्हणून वाचतो. ती त्यात आहेच. पण जरा वेगळ्या नजरेनं वाचला तर दिसतं की हे एका मुलीनं ग्रंथाच्या दाव्याला दिलेलं उत्तर आहे. वेद फक्त ब्राह्मणांचे आणि ते बघण्याचाही अधिकार आम्हाला नाही, असं म्हणता ना? मग ज्यांना धर्माचं पुस्तकच नाही ते आम्ही धर्माबाहेरचे ठरलो की नाही? ती समोरच्याचं विधान घेते, ते पुढे चालवते आणि त्याला त्याच्याच टोकावर आणून उभं करते. ही प्रतिसादाची ताकद आहे. शाळेत जायला लागून काही वर्षंच झालेल्या मुलीची.

जोतीरावांनी 'गुलामगिरी' (१८७३) लिहिली तीसुद्धा बहुतांशी संवादाच्या रूपात. धोंडीबा विचारतो, जोतीराव सांगतात आणि अवतारकथा एकेक करून तपासल्या जातात. १८८२ मध्ये हंटर आयोगासमोर दिलेल्या निवेदनात त्यांनी सरकारच्या शिक्षण धोरणालाच प्रश्न केला. शेतकऱ्याच्या सारा-करातून आलेला पैसा वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर का खर्च होतो?

आणि बाबासाहेब. १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात शिकत असताना त्यांनी 'भारतातील जाती' हा निबंध वाचला. तेव्हा ते पंचविशीचे विद्यार्थी होते. सेनार, नेसफिल्ड, रिस्ले, केतकर या अभ्यासकांनी केलेल्या जातीच्या व्याख्या ते समोर ठेवतात, प्रत्येकीत काय कमी पडतं ते दाखवतात आणि मग स्वतःची मांडणी करतात. त्या निबंधात त्यांच्या वाट्याला आलेल्या अपमानांची हकिगत नाही. ती सांगण्यासारखी नव्हती असं थोडंच आहे? ती त्यांनी पुढे, तीसच्या दशकात, 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये स्वतःच्या मर्जीनं लिहिली आणि तिचं पुस्तक त्यांच्या हयातीत निघालंही नाही. वर्गातल्या चर्चेत मात्र ते आधी ग्रंथांना प्रश्न विचारणारे विद्यार्थी म्हणून उभे राहिले. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो.

कारण आज आपल्या मुलांच्या बाबतीत तो उलटा झाला आहे.

२००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानंतर एनसीईआरटीची जी पुस्तकं आली, त्यांत जातीविषयी पूर्वीपेक्षा पुष्कळ मोकळेपणानं लिहिलेलं होतं. सहावीच्या पुस्तकात बाबासाहेबांचा १९०१ चा प्रवास होता. सातवीच्या पुस्तकात ओमप्रकाश वाल्मीकींच्या 'जूठन'मधला, शाळेत त्यांना झाडू मारायला लावल्याचा प्रसंग होता. हे धडे पुस्तकात आले ही साधी गोष्ट नव्हती. पण ते वर्गात कसे वाचले गेले? वस्तीतल्या विहारात मी संध्याकाळचा वर्ग घेते. तिथे येणाऱ्या एका मुलीनं सांगितलेली गोष्ट अशी. शाळेत 'जूठन'चा धडा वाचून झाला. शिक्षिकेनं अगदी कळकळीनं विचारलं, "तुमच्यापैकी कुणाला असा अनुभव आलाय का?" कुणी बोललं नाही. पण एकेक मान वळत गेली आणि सगळा वर्ग तिच्याकडे बघू लागला. "मग मी दप्तरात पेन शोधत बसले," ती म्हणाली. पेन तिच्या हातातच होतं.

वाचलेल्या मजकुराचा स्वतःच्या आयुष्याशी संबंध जोडा, ही वाचन शिकवण्याची मान्य झालेली पद्धत आहे. शिक्षक प्रशिक्षणात ती सांगितली जाते आणि तिच्यात वाईट काही नाही. धडा पावसाचा असेल, मुंग्यांचा असेल, आगगाडीचा असेल तर मुलं उड्या मारून सांगतात. पण ही पद्धत धरून चालते की वर्गात प्रत्येकाला स्वतःविषयी बोलण्याची किंमत सारखीच पडते. आपल्या वर्गात ती सारखी पडत नाही. आडनाव हजेरीतच जाहीर झालेलं असतं. शिष्यवृत्तीच्या यादीतली मुलं वर्षातून दोन-तीनदा उभी केलेली असतात. अशा वर्गात 'तुझा अनुभव सांग' याचा अर्थ 'तुझी जात पुन्हा एकदा सगळ्यांसमोर सांग' असा होतो. मुलगी बोलली तर उरलेलं वर्ष ती त्या गोष्टीची होऊन राहते. गप्प राहिली तर शिक्षिकेला वाटतं, हिचा प्रतिसाद कच्चा आहे. बाकीच्या मुलांना मात्र काहीच करावं लागत नाही. त्यांनी हळहळायचं, की झालं.

ही गोष्ट सहावी-सातवीत सुरू होते आणि विद्यापीठापर्यंत आपला पिच्छा सोडत नाही. गोपाळ गुरू यांनी २००२ साली 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'मधल्या आपल्या लेखात समाजशास्त्रांमधली ही वाटणी उघडी केली. एका बाजूला सिद्धांत मांडणारे ब्राह्मण आणि दुसऱ्या बाजूला अनुभव पुरवणारे शूद्र. आपल्यातले जे एम. ए. किंवा पीएच. डी.पर्यंत गेले, त्यांना हे समजावून सांगावं लागणार नाही. चर्चासत्रात आपल्याला बोलावतात ते 'तुमच्याकडे काय चालतं ते सांगा' म्हणून. त्याचा अर्थ काय होतो ते मग दुसरं कुणी सांगतं. या वाटणीचा पहिला धडा पाचवीतल्या बाकावर गिरवला जातो, असं माझं म्हणणं आहे. म्हणून ती मोडायलाही तिथूनच लागायला हवं.

कशी मोडायची? प्रश्नाचं तोंड फिरवून. ज्यानं सोसलं त्याच्याकडून ते करणाऱ्याकडे.

१९०१ चा तो प्रवास घेऊ. वडील कोरेगावला नोकरीला. त्यांना भेटायला मुलं साताऱ्याहून निघतात आणि मसूर स्टेशनवर उतरतात. निरोपाचं पत्र वडिलांना मिळालेलंच नसतं, त्यामुळे न्यायला कुणी आलेलं नसतं. नीटनेटके कपडे घातलेली ही मुलं बघून स्टेशनमास्तर आपुलकीनं चौकशी करतो. जात कळताच त्याचा चेहरा पालटतो. भाड्याच्या गाडीचा एकही गाडीवान त्यांना न्यायला तयार होत नाही. शेवटी एक जण कबूल होतो, पण दुप्पट भाडं घेऊन, आणि गाडी मुलांनीच हाकायची या अटीवर. स्वतः तो बाजूनं चालत जातो. मुलांजवळ जेवण असतं, पाणी नसतं.

यावर गाईडमध्ये प्रश्न येतात: मुले कोणत्या स्टेशनवर उतरली? गाडीवानाने कोणती अट घातली? प्रगतिशील शिक्षक विचारतात: तुला असं कधी वागवलं गेलंय का? आमच्या वर्गात मी एवढंच सांगितलं की, या मजकुरातल्या कुणालाही तुम्ही एक प्रश्न विचारू शकता, विचारा. सहावीतला एक मुलगा म्हणाला, "गाडीवानाला विचारायचं, गाडीत बसल्यानं विटाळ होतो तर त्यांच्या पैशानं कसा होत नाही?" एका मुलीनं स्टेशनमास्तरला विचारलं, "मुलं तीच होती, कपडे तेच होते, मग तुमच्या डोळ्यांना काय झालं?" आणखी एकानं पुढच्या प्रसंगावर बोट ठेवलं. जकात नाक्यावर पाणी मागताना मुलं आपण मुसलमान आहोत असं सांगतात आणि तरी पाणी मिळत नाही. "म्हणजे त्याला खरं कळलं होतं का, की तो मुसलमानांनाही देत नव्हता?" उत्तर शोधायला आम्ही मजकूर पुन्हा वाचला. तिथे ते सापडलं नाही. पण त्या निमित्तानं सगळ्यांनी तो उतारा आपणहून तिसऱ्यांदा वाचला.

यातला एकही प्रश्न विचारायला कुणाला आपली जात सांगावी लागली नाही. आणि हेच प्रश्न सगळ्या जातींची मुलं असलेल्या वर्गात आले तर? तिथे विचारता येतं, गाडीवानाला हे सगळं कुणी शिकवलं असेल? घरी? देवळात? स्टेशनमास्तर तर शिकलेला होता, मग शिक्षणानं त्याचं काय केलं? आता सवर्ण मुलालाही काम लागलं. त्याला आपल्या घराकडे, माठाकडे, आजीच्या बोलण्याकडे बघावं लागतं. तेसुद्धा त्यानं मोठ्यानं सांगायला हवं असं नाही. पण मान वळवून दुसऱ्या बाकाकडे बघण्याची सोय त्याच्याकडे उरत नाही.

ज्यांना वस्तीत, अभ्यासिकेत किंवा शाळेत मुलांसोबत वाचायचं आहे, त्यांच्यासाठी आमच्याकडे टिकलेल्या काही साध्या रीती सांगते.

वहीच्या पानावर मधोमध एक रेघ. डावीकडे 'पुस्तक म्हणतं', उजवीकडे 'मी विचारते' किंवा 'मी विचारतो'. उजवी बाजू रिकामी ठेवायची नाही, एवढा एकच नियम. सुचत नसेल तर तीन प्रश्न फळ्यावर कायम लिहिलेले असतात. हे कोण सांगतंय आणि त्याला कसं कळलं? यात कोण दिसत नाही? मला माहीत असलेल्या कोणत्या गोष्टीशी हे जुळत नाही? उजव्या बाजूचं शुद्धलेखन तपासायचं नाही. आमच्याकडे छत्तीसगढहून कामाला आलेल्या घरांतली मुलं येतात. ती छत्तीसगढीत लिहितात, हिंदीत लिहितात, मधेच मराठीत येतात. लाल पेन आधी आलं की प्रश्न मागे पळतो, हे ज्यांनी शिकवलंय त्यांना माहीत आहे.

दुसरी रीत दुमडलेल्या पानाची. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर कधीकधी स्वतःच्या घराविषयी असतं. ते लिहावंसं वाटलं तर लिहायचं आणि पान दुमडून ठेवायचं. दुमडलेलं पान मी उघडत नाही, वाचून दाखव म्हणत नाही, गुण देत नाही. आपला अनुभव कधी, कुणासमोर आणि किती सांगायचा हे ठरवण्याचा हक्क मुलाचा आहे. हा हक्क हातात आहे हे कळलं की मुलं उलट जास्त लिहितात.

तिसरी रीत, एकाच विषयाचे दोन कागद शेजारी ठेवायचे. खालच्या वर्गांत 'आपले मदतनीस' या धर्तीचा पाठ असतो. पोस्टमन, डॉक्टर, शिक्षक आणि त्यांच्याच ओळीत हसतमुख सफाई कामगार. त्याच्या शेजारी आम्ही २०१३ च्या कायद्यातल्या मुख्य गोष्टी सोप्या भाषेत लिहून ठेवल्या. माणसाच्या हातून मैला साफ करून घेणं गुन्हा आहे. सुरक्षा साधनं न देता कुणालाही गटारात किंवा सेप्टिक टाकीत उतरवता येत नाही. गटारात मरण पावलेल्यांच्या कुटुंबांना १० लाख रुपये द्यावेत असा आदेश सर्वोच्च न्यायालयानं २०१४ मध्ये दिला आणि २०२३ मध्ये ही रक्कम ३० लाख केली. दोन्ही कागद वाचून झाल्यावर एका पाचवीतल्या मुलीनं विचारलं, "मदतनीस म्हणजे मदत करणारा ना? मग त्यांनी नाही म्हटलं तर चालतं का?" मदत या एका शब्दामागे जात कशी लपते हे तिला कुणी समजावलं नव्हतं. दोन कागदांच्या मधल्या फटीत ते तिचं तिला दिसलं. त्या दिवशी एका मुलानं पान दुमडलं. ते दुमडलेलंच आहे.

चौथी रीत, सुटलेला परिच्छेद लिहायचा. शहराची माहिती सांगणारा एक उतारा घेतला होता. संत्री, झिरो माईल, विधानभवन, दीक्षाभूमी. मी म्हटलं, यात जे दिसत नाही त्यावर चार वाक्यं लिहा, पण उताऱ्याच्याच भाषेत, माहिती दिल्यासारखी. एका मुलीनं लिहिलं की, या शहरातल्या उंच इमारती बांधायला बिलासपूरकडून माणसं येतात, ती सणाला गावी जातात, आणि इमारतीवर त्यांचं नाव लिहिलेलं नसतं. तिनं 'मी' किंवा 'माझी आई' असं कुठेही लिहिलं नाही. तिनं शहराची माहिती पुरी केली. अनुभव सांगणारी मुलगी आणि माहिती लिहिणारी मुलगी यांच्यात केवढं अंतर आहे, ते या चार वाक्यांत मला दिसलं.

आता आक्षेपांकडे. पहिला आक्षेप सरळ आहे: मुलांना धड वाचता येत नाही आणि तुम्ही चिकित्सा कसली सांगता? असरच्या २०२४ च्या अहवालानुसार ग्रामीण भारतात पाचवीतल्या जेमतेम निम्म्या मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता येतो. ही परिस्थिती गंभीर आहे आणि तिचा सर्वात मोठा फटका आपल्याच मुलांना बसतो. पण त्यावर जो उपाय चालू आहे त्यात वेग मोजण्यावर भर आहे. 'निपुण भारत'मध्ये तिसरीच्या मुलानं मिनिटाला किमान ६० शब्द अर्थ समजून वाचावेत असं उद्दिष्ट आहे. प्रत्यक्ष वर्गात त्यातलं 'अर्थ समजून' गळून पडतं आणि घड्याळ तेवढं उरतं. आधी वाचायला शिकू दे, विचार नंतर करेल, ही पायऱ्यांची भाषा आपण ओळखायला हवी. आपल्याला ती दर वेळी ऐकवली जाते आणि 'नंतर' काही येत नाही. अडखळत वाचणारं पोर तोंडी प्रश्न विचारू शकतं. जो प्रश्न स्वतःचा आहे, त्याच्या उत्तरासाठी ते पुन्हा मजकुराकडे जातं आणि पुन्हा वाचल्यानंच वाचन सुधारतं. नाक्यावरच्या पाण्याचा प्रसंग तिसऱ्यांदा वाचणाऱ्यांत असे अडखळणारे दोघे-तिघे होतेच.

दुसरा आक्षेप आपल्याच घरातला आहे, म्हणून जास्त वजनाचा. गुणांवर आपलं सगळं उभं आहे. गाईडमधलं उत्तर लिहिल्यावर गुण मिळतात, प्रश्न विचारल्यावर मिळत नाहीत. आपल्या पोरांनी हा धोका का घ्यावा? मी कुणालाही गाईड फेकून द्यायला सांगणार नाही. परीक्षेचं उत्तर परीक्षेत लिहावं, चोख लिहावं. पण पदवीनंतर काय होतं तेही आठवून बघा. एम. ए.च्या पहिल्याच महिन्यात आमच्या प्राध्यापकांनी एक लेख वाचायला दिला आणि विचारलं, यावर तुमचं काय म्हणणं आहे? काही जण लगेच बोलायला लागले. आम्ही चार-पाच जण वहीत सारांश घेऊन बसलो होतो. आपलं इंग्रजी कच्चं आहे म्हणून आपण बोलत नाही, असं आम्ही कितीतरी दिवस एकमेकांना सांगत होतो. पण मराठीत विचारलं असतं तरी आम्ही गप्पच राहिलो असतो. छापील मजकुरावर आपलं म्हणणं असू शकतं ही सवयच आम्हाला कुणी लावली नव्हती. बोलणाऱ्यांना ती घरात जेवताना लागलेली होती. ज्यांच्या घरात ती लागत नाही त्यांना ती शाळेनं द्यायची असते. शाळा देत नसेल तर आपण द्यायची.

आणि थोडं आपल्या कार्यक्रमांकडेही बघू. ३ जानेवारी असो वा १४ एप्रिल, आपण मुलांच्या भाषणांची स्पर्धा घेतो. मुलं मोठ्यांनी लिहून दिलेलं भाषण घडाघडा म्हणतात, टाळ्या पडतात, वही-पेन बक्षीस मिळतं. ज्यांनी आयुष्यभर ग्रंथांना प्रश्न विचारले त्यांच्याविषयीचं भाषण आपण पोरांकडून पाठ करून घेतो, हे जरा विचित्र नाही का? एका वर्षी भाषणाऐवजी प्रश्नांची स्पर्धा ठेवून बघा. मुक्तेचा निबंध वाचायला द्या आणि प्रत्येकाला एक प्रश्न लिहायला सांगा. आमच्या वर्गात एका मुलीनं विचारलं, "जिनं एवढं लिहिलं, तिचं पुढे काय झालं?" मुक्तेच्या पुढच्या आयुष्याविषयी फारसं काही हाती लागत नाही. तसं सांगितल्यावर तिचा दुसरा प्रश्न आला, "मग ते लिहून ठेवायचं काम कुणाचं होतं?" तो सरकारला होता, इतिहासकारांना होता आणि आपल्यालाही होता. मुलांना प्रश्न विचारायला शिकवायचं तर काही प्रश्न आपल्याकडेही येणार. आपल्या घरातल्या, चळवळीतल्या, विहारातल्या गोष्टींवर येणार. ते ऐकून घेण्याची तयारी हवी.

२०२३ पासून एनसीईआरटीची नवी पुस्तकं यायला लागली आहेत. कोणता धडा राहतो, कोणता जातो, यावर आपण लक्ष ठेवायलाच हवं आणि गरज पडेल तिथे भांडायलाही हवं. पण पुस्तकातला धडा एका परिपत्रकानं काढता येतो. पोराच्या अंगात मुरलेली वाचायची रीत कुठल्याही परिपत्रकानं काढता येत नाही. ज्याला 'यात कोण दिसत नाही' हे विचारायची सवय लागली आहे, तो गाळलेल्या धड्याची रिकामी जागासुद्धा वाचू शकतो.

यासाठी संस्था लागत नाही, निधी लागत नाही. आठवड्यातली एक संध्याकाळ, एक उतारा, मधोमध रेघ मारलेली वही आणि तीन प्रश्न एवढ्यावर सुरुवात होते. तुम्ही शिक्षक असा, बँकेत असा, पोलीस भरतीची तयारी करत असा, शेजारची चार पोरं गोळा करता येतात. त्यातलं एखादं धडा वाचता वाचता मान वर करून म्हणेल, "पण हे कशावरून?" तेव्हा घाईनं उत्तर देऊ नका. त्याला म्हणा, चल, शोधू.

जय भीम! जय सावित्री!